त्या चित्रातले दोन कुत्रे

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही त्याला पॅरिसला नेलं होतं. आज तो सव्वीस वर्षांचा आहे. लूव्र संग्रहालयातलं तुला काय आठवतं, असं मी त्याला मध्यंतरी विचारलं. जरा वेळ आठवून तो म्हणाला, "लोकांच्या पाठी." आणि मग म्हणाला, "एका चित्रात कुत्रे होते. तू थांबू दिलं नाहीस."

खरं आहे ते. त्या दिवशी आम्ही मोनालिसाच्या दालनात होतो. दोन महिने घरात मी तिचंच नाव घेत होते. आत शिरलो तर समोर माणसांची भिंत आणि वर धरलेले कॅमेरे. नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर तिथे काय येतं? कमरेचे पट्टे, पाठीवरच्या सॅक, कोपरं. तो कंटाळून मागे वळला. मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर पावणेसात मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद असं एक चित्र आहे, लूव्रमधलं सगळ्यांत मोठं. पाओलो वेरोनेसे या चित्रकाराने १५६३ मध्ये पूर्ण केलेलं, काना गावातल्या लग्नाच्या पंगतीचं. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ती बायबलमधली कथा. शंभरावर माणसं, वाजंत्री, वाढपी, रेशमी कपडे, भांडी. त्या गर्दीतून माझ्या मुलाने एका क्षणात काय शोधलं असेल, तर कुत्रे. "आई, बघ ना!" म्हणून त्याने माझा हात ओढला. मी म्हणाले, "ते नंतर. आधी मोनालिसा."

ते 'नंतर' काही आलं नाही. बस सुटायची वेळ झाली.

आईबाबांनो, आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या "ते नंतर"बद्दल. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं आता सुट्टीत युरोपला जातात, काहींची मुलं तिकडे नोकरीला असतात म्हणून नातवंडांना घेऊन आजी-आजोबाही जातात. पॅरिसला गेलं की लूव्र आलंच. आणि तिथे गेल्यावर आपल्यातले फार समंजस पालकसुद्धा एकदम घाईला येतात. मुलं बागेत रमली तर आपण बाकावर निवांत बसतो. संग्रहालयात ती रमली तर मात्र आपण म्हणतो, चल पुढे.

असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण साधं आहे: पैसे वसूल करायचे असतात. लूव्रमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत आहे. तिकीट आपलं असतं, विमानाचं भाडं आपण भरलेलं असतं, म्हणून काय बघायचं तेही आपणच ठरवतो. आणि बघायला तिथे सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. त्या एका दिवसात कुणाच्याही बघून होत नाहीत. मोठ्यांच्या नाही, छोट्यांच्या तर नाहीच. ज्या कामाला अंतच नाही ते पुरं करायच्या धडपडीत आपण मुलाचा हात धरून पळत सुटतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, मला दुसरी संधी मिळाली. या वेळी सोबत माझी भाची होती, दहा वर्षांची, साताऱ्याची. भाऊ-वहिनी दोन तास मागे बागेत बसायला तयार झाले आणि मी एकटीच तिला घेऊन गेले. शुक्रवारची संध्याकाळ निवडली. लूव्र मंगळवारी बंद असतं, आणि बुधवारी व शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. त्या वेळी गटांच्या बस निघून गेलेल्या असतात. दोन तासांवर एक मिनिट थांबायचं नाही, हे मी तिला आधीच सांगून टाकलं होतं. मुलांना शेवट कुठे आहे हे कळलं की ती निर्धास्त होतात.

काचेच्या पिरॅमिडमधून खाली उतरलो. आय. एम. पेई या वास्तुविशारदाने तो बांधला आणि १९८९ मध्ये तो खुला झाला. तिथून चित्रांकडे न जाता मी तिला आधी तळघरात नेलं, सुली नावाच्या भागात. तिथे एक किल्ला आहे. खराखुरा. ११९० च्या सुमारास फ्रान्सच्या फिलिप ऑग्युस्त राजाने पॅरिसच्या राखणीसाठी तो बांधायला घेतला. पुढे त्याच जागी राजवाडा उभा राहिला, किल्ला जमिनीखाली गाडला गेला आणि १९८० च्या दशकातल्या उत्खननात त्याचा पाया पुन्हा वर आला. आज आपण त्या किल्ल्याच्या खंदकातून चालतो. एका बाजूला तटाची भिंत, पुढे बालेकिल्ल्याच्या गोल बुरुजाचा पाया. दगडांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा आहेत, काही तर बदामाच्या आकाराच्या.

आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, हे मला तिथे कळलं. जिने अजिंक्यताऱ्यावर आणि सज्जनगडावर धावाधाव केली आहे, तिला खंदक म्हणजे काय हे कशाला सांगायला हवं? "मग याचा दरवाजा कुठे?" असं तिनेच विचारलं आणि शोधायलाही लागली. परक्या देशातल्या अतिभव्य इमारतीची तिची भीती तिथेच गेली. मुलाला अगोदर ओळखीचं काहीतरी सापडू द्या. राजवाड्यात शिरायचा तो सगळ्यांत सोपा दरवाजा आहे.

खंदकातल्या कठड्याला टेकून मी तिला गोष्ट सांगितली. पहिला फ्रान्स्वा नावाचा राजा होता. १५४६ मध्ये त्याने जुना किल्ला पाडून नवा महाल बांधायला घेतला. लिओनार्दो दा विंचीला म्हातारपणी फ्रान्समध्ये आसरा दिला तोही यानेच, आणि मोनालिसा फ्रान्सच्या राजाकडे आली ती त्यामुळे. नंतर चौदावा लुई १६८२ मध्ये दरबार घेऊन व्हर्सायला गेला आणि एवढा मोठा महाल राजाविना राहिला. मग राज्यक्रांती झाली. तेव्हाच्या राजाला १७९३ च्या जानेवारीत मारलं, आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला या महालात संग्रहालय उघडलं. ५३७ चित्रं होती. त्यांतली बहुतेक राजाची आणि चर्चची. ती सगळ्या लोकांची झाली, आणि कुणीही विनामूल्य आत येऊन बघू लागलं.

भाची म्हणाली, "म्हणजे औंधसारखं?" मी चमकलेच. तिच्या बाबांनी तिला औंधला नेलेलं होतं. यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय तिने पाहिलं होतं. रविवर्मा, धुरंधर, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची लहानशी आई आणि मूल. औंधच्या राजाने संग्रहालय लोकांसाठी स्वतःहून बांधलं आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवला. पॅरिसमध्ये ते असं झालं नाही, हा फरक तिला सांगताना मला साताऱ्याचा आणि औंधचा फार अभिमान वाटला. तुम्हाला मनापासून सांगते, पॅरिसला जाण्याआधी मुलांना औंधला न्या, पुण्यातल्या केळकर संग्रहालयात न्या, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्या. ती तयारी म्हणून नाही. पायांना संग्रहालयाची सवय लागते. काचेसमोर थांबायचं, वाकून बघायचं, कंटाळा आला तर बाकावर बसायचं, हे सगळं शिकायला लूव्रच लागत नाही. आणि पॅरिसला कधीच जाणं झालं नाही, तरी त्या मुलाचं काही अडत नाही.

मुंबईचा उपयोग तर मला लगेच झाला. तिथे निमरूदच्या अ‍ॅसिरियन राजवाड्यातले शिल्पपट आहेत. लूव्रमध्ये त्याच संस्कृतीचे, दुसऱ्या सार्गोन राजाच्या खोर्साबादच्या वाड्याचे राखणदार आहेत: माणसाचं तोंड, बैलाचं शरीर, गरुडाचे पंख, उंची चार मीटरहून जास्त. "यांची भावंडं मुंबईत बघितली होती," ती म्हणाली. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, पाय मोज. पाच निघाले. मग ती समोर गेली, बाजूला आली, पुन्हा समोर गेली. समोरून बघितलं तर दोन पाय जुळवून उभा, बाजूने बघितलं तर चार पायांनी चालणारा. कारागिराने एका पायाची भर घालून दोन्ही साधलं. तीन हजार वर्षांपूर्वी नाही, पण तिच्या जवळपासच, इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या अखेरीला. ते रहस्य मी आधी सांगितलं असतं तर तिचा आनंद मी खाल्ला असता. आपल्याला माहीत असलेलं सगळं मुलांना ताबडतोब सांगून टाकायची आपल्याला फार हौस असते. मलाही आहे. ती आवरणं हेच तिथे आईबापाचं मोठं काम आहे.

पण त्या संध्याकाळी खरी मैत्री झाली ती वेगळ्याशीच. इजिप्तच्या दालनात एक लेखनिक बसलेला आहे. सक्काराला सापडलेला, चुनखडीच्या दगडाचा, रंगवलेला, जेमतेम दीड-पावणेदोन फूट उंच, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. आपण पंगतीला बसतो तशी मांडी घालून बसला आहे. मांडीवर पपायरसची गुंडाळी. उजव्या हातातली लेखणी मात्र कधीच नाहीशी झालेली. आणि डोळे स्फटिकाचे, तांब्याच्या कडांमध्ये बसवलेले. त्या डोळ्यांत दिवा असा चमकतो की माणूस श्वास घेत असेल असं वाटतं.

भाची त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मांडी घालून, पाठ ताठ करून, त्याच्यासारखीच. मग हळूच डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, तो आपल्याकडे बघतोय का हे तपासायला. मी पर्समधून तिची वही आणि पेन्सिल काढून दिली. पेन्सिलीने चित्र काढायला तिथे मनाई नाही. या महालात जुन्या चित्रांच्या नकला करत शिकायची परंपरा संग्रहालय उघडलं तेव्हापासूनची आहे. आजही परवाना काढून चित्रकार तिथे ईझल लावून बसतात. नक्कल मूळ चित्राच्या मापाची मात्र असता कामा नये, हा त्यांना नियम.

तिने वीस मिनिटं चित्र काढलं. वीस मिनिटं मी काही बोलले नाही. तुम्ही करून बघा, फार अवघड आहे. दर दोन मिनिटांनी मनात येत होतं, अजून व्हीनसची मूर्ती राहिली, हम्मुराबीचा शिलालेख राहिला. तो शिलालेख तर मला स्वतःला बघायचा होता. नाही बघितला.

"आत्या, तो काय लिहिणार होता?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत. त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही."

ती म्हणाली, "तो ऐकतोय. कुणीतरी सांगणार आहे, मग लिहिणार."

मी त्या पुतळ्याबद्दल पुष्कळ वाचलं होतं. पण तो ऐकतोय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुलं काही प्रश्न असे विचारतात की त्यांना टाळायचा मोह होतो. त्यांतला पहिला कपड्यांचा. ग्रीक मूर्तींच्या दालनात आपल्याकडचे पालक मुलांच्या खांद्याला धरून वेग वाढवतात, हे मी दोन्ही वेळा पाहिलं. असं करू नका. वेरूळची लेणी ज्या भूमीत आहेत तिथली आपण माणसं. शिल्पकाराला माणसाचं शरीर सुंदर वाटलं म्हणून त्याने ते कोरलं, एवढं एक वाक्य पुरतं. मुलाचं समाधान होतं आणि ते पुढच्या मूर्तीकडे जातं.

दुसरा प्रश्न कठीण आहे, आणि तो चुकवू नये. "हे सगळं यांचंच आहे का?" वेरोनेसेचं ते लग्नाचं चित्र व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनशाळेसाठी काढलेलं होतं. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते तिथून काढलं, कापून तुकडे केले आणि पॅरिसला आणून पुन्हा जोडलं. नेपोलियन पडल्यावर बरीच चित्रं आपापल्या गावी परत गेली. हे गेलं नाही. त्याच्या बदल्यात व्हेनिसला दुसरंच एक चित्र दिलं. भाचीने २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात रांगेत उभं राहून लंडनहून उसनी आलेली वाघनखं पाहिली होती. तिने मला सरळ विचारलं, "म्हणजे ही पण उसनीच का नाही?" मी सांगितलं की जबरदस्तीने नेलेली वस्तू कितीही चांगली सांभाळली तरी ती नेली होती हे पुसलं जात नाही, आणि यावर मोठ्या माणसांचं अजून एकमत झालेलं नाही. माझं मत हेच आहे आणि मी ते तिला लपवून ठेवलं नाही. सुंदर वस्तू आपल्याला आवडूही शकते आणि ती इथे कशी आली याचं वाईटही वाटू शकतं. दहा वर्षांच्या मुलाला या दोन्ही गोष्टी एकदम पेलतात.

पंखवाली विजयदेवता जिन्याच्या माथ्यावर उभी आहे, तिच्यासाठी आम्ही फक्त पायऱ्यांवर बसलो. डोकं नाही, हात नाहीत, आणि तरी वारा अंगावर घेत जहाजावर उतरतेय. एक तळहात १९५० मध्ये सापडला, तो जवळच काचेत ठेवला आहे. १९३९ मध्ये युद्धाची चाहूल लागली तेव्हा लूव्रच्या माणसांनी चित्रं आणि मूर्ती खेडोपाडीच्या वाड्यांमध्ये हलवल्या. हिलाही याच जिन्यावरून लाकडी घसरगुंडी बांधून इंचाइंचाने खाली उतरवलं. भाचीने ताबडतोब पायऱ्या मोजायला घेतल्या.

मोनालिसा शेवटी, जाता जाता. मी तिला आधीच सांगितलं होतं की ती लहान आहे, ७७ सेंटिमीटर बाय ५३. मुलांना आपण 'जगप्रसिद्ध' म्हणून सांगतो आणि ती भिंतभर काहीतरी कल्पून येतात. मग त्यांना वाटतं आपल्यालाच काही कळत नाही. तिला मी चोरीची गोष्ट सांगितली. २१ ऑगस्ट १९११ ला विन्चेंझो पेरुजा नावाच्या, लूव्रमध्येच काम करून गेलेल्या कारागिराने ती पळवली. दोन वर्षांहून जास्त काळ ती बेपत्ता होती आणि त्या काळात लोक भिंतीवरची रिकामी जागा बघायला येत होते. भाचीला ती रिकामी जागा फार आवडली. कडेला उभं राहून तिने मोनालिसाकडे पाच मिनिटं बघितलं आणि मग मागे वळली. माझा मुलगा वळला होता तशीच.

या वेळी मी काही बोलले नाही. तिच्यामागे गेले. आम्ही पंधरा मिनिटं त्या पंगतीसमोर उभ्या होतो. पांढऱ्या-भुऱ्या कुत्र्यांपुढे कुणीच नव्हतं, सगळी माणसं आमच्याकडे पाठ करून. वाजंत्री कोण, वाळूचं घड्याळ कुठे, नवरा-नवरी एवढ्या कोपऱ्यात का बसवली, येशू मधोमध असून त्याच्याकडे कुणीच का बघत नाही. शेवटचा प्रश्न तिचा. फोटो काढून मी तिथूनच मुलाला पाठवला.

बाहेर पडल्यावर तुइलेरीच्या बागेत हिरव्या खुर्च्यांवर वहिनीने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. भाऊ म्हणाला, "काय काय बघितलं?" मी त्याला खुणेने थांबवलं. घरी जाऊन 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ' असा निबंध लिहून घेऊ नका. घरच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ करून बोलायला लावू नका. कुठल्या राजाने कधी काय बांधलं, हे विचारू नका. जे आत गेलं आहे ते आपल्या वेळेने बाहेर येतं.

ते असं आलं. १९ ऑक्टोबर २०२५ ला लूव्रमध्ये दिवसाढवळ्या चोरी झाली, राजघराण्याचे दागिने गेले. टीव्हीवर बातमी लागली त्या संध्याकाळी साताऱ्याहून फोन आला. दागिन्यांचं तिला काहीच नव्हतं. तिने विचारलं, "आत्या, तो लिहिणारा बरा आहे ना?"

तुम्ही जाल तेव्हा वेळ आधी नोंदवा, दोन तास ठरवा, चांगले बूट घाला, वही-पेन्सिल घ्या. मोनालिसाच्या दालनात शिरलात की मुलाला मागे वळायचं असेल तर वळू द्या, आणि "ते नंतर" म्हणू नका. कुत्रे खाली, मधोमध आहेत. त्या चित्रात एक मांजरही आहे. ते कुठे आहे ते मी सांगत नाही. त्याला शोधू द्या.